रंगावर जाऊ नका, काटे मोजा

माढ्यात समुद्र आणायचा तर काय काय लागेल? सगळ्यात जवळचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी 250 किलोमीटरवर, आणि मध्ये सह्याद्री आडवा. पण घरात 200 लिटरची काचेची टाकी असेल, तर समुद्र 7 किलोच्या पिशवीत मावतो. लिटरला 35 ग्रॅम, हा समुद्राच्या खारटपणाचा हिशेब. हे मीठ वेगळं मिळतं. स्वयंपाकघरातल्या मिठात समुद्राचं कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं. बोअरचं जड पाणी चालत नाही, म्हणून आरओ. मे महिन्यात पारा 42 च्या वर गेला तरी पाणी 26 अंशांवर धरायचं, म्हणून चिलर. लाइट गेली तरी पाणी फिरतं राहायला हवं, म्हणून इन्व्हर्टर. एवढी जुळवाजुळव झाली की भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या या गावात हिंदी महासागरातला मासा मजेत राहू शकतो.

आता समजा, मुंबईहून ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून असा एक मासा तुमच्या टाकीत आला. बोटाएवढा, हिरवट, अंगावर निळ्या-नारिंगी रेघा, पाठीवरच्या परात एक काळा ठिपका. बिलावर लिहिलंय ‘मिक्स रॅस’. याचा अर्थ, रॅस कुळातला कुणीतरी आहे, पुढचं विचारू नका.

आपण विचारूच. कारण ‘हा नेमका कोण?’ या साध्या प्रश्नाचा धागा ओढत गेलं, की माशांच्या दुनियेतल्या एकापेक्षा एक अचाट गोष्टी हाती लागतात.

पहिली पायरी त्यातल्या त्यात सोपी. हा खरंच रॅस आहे का? त्याचं पोहणं बघा. उजनीतला रोहू घ्या, कटला घ्या, तो शेपटीच्या जोरावर पुढे सरकतो. रॅस एरवी शेपटी वापरतच नाही. छातीजवळचे दोन पर वर-खाली मारत तो पाण्यात अक्षरशः उडत असतो. शेपटी वळण्यासाठी, आणि जीव घेऊन पळायची वेळ आली तर. टाकीसमोर पाच मिनिटं बसलात तरी हे दिसेल. एकदा दिसलं की शंभर माशांतून रॅस ओळखता येतो.

दुसरी खूण बाहेरून दिसत नाही, पण ती जास्त भन्नाट आहे. रॅसला जबड्यांच्या दोन जोड्या असतात. एक तोंडात, दुसरी घशात. पुढच्या दातांनी शिंपला उचलायचा आणि घशातल्या जबड्यांनी तो फोडून भुगा करायचा. पटत नाही? मग बाजारातून चिलापी आणा. तिलाही असा दुसरा जबडा आहे. डोकं साफ करताना कल्ल्यांच्या मागे, घशाच्या तळाशी बोट फिरवा. बारीक दातांनी भरलेलं एक तिकोनी हाड लागेल, आणि त्याच्या बरोबर वर दातांच्या दोन चकत्या. आजवर कालवणाच्या आधी तुम्ही हे हाड कित्येकदा फेकून दिलं असेल!

या हाडानं भल्याभल्या शास्त्रज्ञांनाही चकवलं. चिलापीचं कुळ गोड्या पाण्यातलं, रॅसचं समुद्रातलं, पण घशाची रचना इतकी सारखी की 1980 च्या दशकात या दोघांना जवळचे नातलग ठरवून एका गटात बसवलं होतं. पुढे डीएनए वाचता आला आणि तो गट मोडीत निघाला. घशातला हा दुसरा जबडा माशांच्या वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे, एकापेक्षा जास्त वेळा घडला आहे. म्हणजे हाडसुद्धा फसवतं. मग रंगाची काय कथा?

रंगाची कथाच तर खरी मजेची आहे.

रॅस कुळात पाचशेहून अधिक प्रजाती आहेत. पोपटमासे त्यात धरले तर सहाशेच्या पुढे. चार-पाच सेंटीमीटरच्या चिमुकल्यांपासून दोन मीटरहून लांब वाढणाऱ्या नेपोलियन रॅसपर्यंत सगळे यात आले. तुम्ही म्हणाल, ठीक आहे, सहाशे फोटो शोधू आणि एकेक ताडून बघू. पण सहाशे फोटो पुरत नाहीत. एकाच प्रजातीचे तीन-तीन, चार-चार फोटो लागतात. कारण पिल्लू वेगळं दिसतं, मादी वेगळी, नर वेगळा, आणि मादीचा नर होत असतानाचा मासा आणखी वेगळा.

‘कोरिस गेमार्ड’ हे याचं झकास उदाहरण. हिंदी आणि प्रशांत महासागरात मिळणारा हा रॅस अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांतही दिसतो. पिल्लू भडक शेंदरी, पाठीवर पांढरे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला काळी किनार. आणि मोठा मासा? काळपट अंगावर निळे चमचमते ठिपके, चेहऱ्यावर हिरवे पट्टे, शेपटी पिवळीधमक. दोघांना शेजारी ठेवलं तर कुणीही शपथेवर सांगेल की हे दोन वेगळे मासे आहेत. तसं सांगितलं गेलंही! या पिल्लाला एकेकाळी स्वतंत्र प्रजाती समजून वेगळं शास्त्रीय नाव दिलेलं होतं.

पण वय वाढलं की रंग बदलतो, एवढंच असतं तर निभावलं असतं. रॅस त्यापुढे जातो. तो लिंगच बदलतो.

1972 मध्ये डी. आर. रॉबर्टसन या संशोधकानं ‘सायन्स’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या एका छोट्या रॅसचं निरीक्षण मांडलं. हा क्लीनर रॅस, इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन पोट भरणारा. प्रवाळाच्या एका तुकड्यावर एक नर आणि त्याच्या काही माद्या, असं त्याचं घर. माद्यांमध्येही थोरली-धाकटी अशी उतरंड. नर मेला किंवा काढून घेतला, तर काय होतं? दोनेक तासांत थोरली मादी नरासारखी वागायला लागते. हद्दीवर गस्त घालते, बाकीच्या माद्यांना दामटते. आणि दोन-तीन आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्रजंतू तयार झालेले असतात. काल अंडी घालणारी मादी आज बाप व्हायला तयार!

हे घडतं कसं? कॅरिबियन समुद्रातल्या ब्लूहेड रॅसवर न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी काम केलं, ते 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. माशांमध्ये ‘अ‍ॅरोमॅटेज’ नावाचं एक विकर नर-संप्रेरकापासून मादी-संप्रेरक बनवतं. नर नाहीसा झाला की थोरल्या मादीच्या शरीरात हे विकर बनवणारं जनुक मिटतं. मादी-संप्रेरक आटलं की अंडाशय टिकत नाही. तिथल्या पेशी विरतात आणि त्याच जागी वृषण उभं राहतं. सगळं मिळून आठ-दहा दिवसांत. जनुकं तीच, मासा तोच. फक्त कुठली जनुकं उघडी आणि कुठली बंद, एवढंच बदललं. आणि हे सगळं सुरू झालं कशानं? समोरचा दांडगा दिसेनासा झाला, एवढ्यानं.

आता माढ्यातल्या टाकीकडे वळा. तुमचा ‘मिक्स रॅस’ तिथे एकटा आहे. डोक्यावर दांडगा नर नाही. आणलात तेव्हा तो बहुधा पिल्लू किंवा मादी होता. सहा महिन्यांत त्याच्या गालावर नव्या रेघा उमटल्या, पाठीवरचा ठिपका पुसट झाला, तर मासा बदलला असं वाटून दुकानदाराशी भांडू नका. मासा तोच आहे. तो नर होतो आहे.

हा घोळ ज्यांनी पहिल्यांदा निस्तरला, त्यांच्याबद्दल अचंबा वाटतो. कारण ज्यांनी नावं दिली, त्यांच्यापैकी अनेकांनी हे मासे जिवंत पाहिलेच नव्हते. अठराव्या शतकात बर्लिनमध्ये मार्कुस ब्लोख नावाचे एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीहून, तिथल्या मिशनऱ्यांमार्फत, मासे पाठवले जात. इतका प्रवास करून पोचेपर्यंत रंग उडालेला. तरी त्यांनी पुस्तकांचे खंडच्या खंड काढले. ब्लूहेडला 1791 मध्ये नाव दिलं ते त्यांनीच. त्यांच्या मृत्यूनंतर योहान श्नायडर यांनी त्यांचं अपुरं काम 1801 मध्ये छापलं. आपल्या किनाऱ्यांवर मिळणाऱ्या ‘हॅलिकोरिस नायग्रेसन्स’ या रॅसचं नाव त्याच पुस्तकातलं.

नाव देण्याची पद्धत मोठी चोख असते. नाव कागदावरच्या वर्णनाला तर असतंच, पण ते बांधलेलं असतं एका प्रत्यक्ष माशाला. तो नमुना संग्रहालयात बाटलीत जपून ठेवतात. जमिनीचा वाद निघाला की आपण सातबारा उतारा काढतो आणि फेरफार बघत बघत मूळ नोंदीपर्यंत जातो. माशाचा वाद निघाला की शास्त्रज्ञ त्या बाटलीपर्यंत जातात. आणि एकाच गटाचे तीन उतारे निघावेत तसं रॅसच्या बाबतीत वारंवार झालं. पिल्लाची बाटली एकीकडे, मादीची दुसरीकडे, नराची तिसरीकडे, आणि प्रत्येकीवर वेगळं नाव! नियम असा, की सगळ्यात जुनं नाव राहतं, बाकीची रद्द होतात.

हे उतारे एकत्र करण्यात आयुष्य घालवलेला माणूस म्हणजे जॅक रँडल. जन्म 1924, मृत्यू 2020. हवाईच्या बिशप संग्रहालयात बसून आणि जगभरच्या समुद्रांत बुड्या मारून त्यांनी आठशेहून अधिक नव्या माशांना नावं दिली. शिवाय रॅस आणि पोपटमाशांतले कुठले नर-मादी एकाच घरचे, हेही पाण्यात उतरून डोळ्यांनी पाहिलं. बाटलीत जे कळत नाही ते प्रवाळावर कळतं: कोण कुणासोबत अंडी घालतो, ते बघायचं.

तुम्ही बुडी मारणार नाही, बाटलीही उघडणार नाही. मग ओळख कशावरून? रंग बदलला तरी जे सहसा बदलत नाही, त्यावरून. म्हणजे काट्यांवरून.

पाठीवरच्या पराचा पुढचा भाग टोकदार, कडक काट्यांचा असतो. मागचा भाग मऊ, टोकाला फाटे फुटलेल्या किरणांचा. फक्त कडक काटे मोजायचे. आठ भरले तर थॅलासोमा गटाची शक्यता. नऊ भरले तर हॅलिकोरिस किंवा कोरिस. अकरा असतील तर फेअरी रॅस, ज्यांना शास्त्रात सिरिलॅब्रस म्हणतात. बाळ असो, बाई असो की बुवा, आकडा तोच.

पण हलत्या माशाचे काटे मोजायचे कसे? तो पर मिटूनच फिरतो. इथे शौकीन लोक एक युक्ती करतात. काचेला बाहेरून छोटा आरसा टेकवायचा. आत कुणी प्रतिस्पर्धी घुसलाय असं वाटून मासा ताठ होतो आणि सगळे पर उभारतो. त्या दोन-तीन सेकंदांत मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ घ्यायचा. मग निवांत, एकेक फ्रेम थांबवून, मोजा. निळे दिवे आधी बंद करून पांढरा प्रकाश ठेवा, नाहीतर लाल रंग काळा दिसेल. आणि आरसा लगेच काढा, बिचाऱ्याला उगाच ताण नको.

आरशाचा विषय निघालाच आहे, तर एक सांगायलाच हवं. 2019 मध्ये जपानच्या ओसाकामध्ये मासानोरी कोहदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लीनर रॅसच्या गळ्यावर परजीवीसारखा दिसणारा एक तपकिरी डाग लावला आणि समोर आरसा ठेवला. मासे आरशात बघून आले आणि गळा तळाशी घासू लागले. आरसा नसताना असं करत नव्हते. म्हणजे आरशातला तो ‘मीच’ आहे, हे त्यांना कळलं असावं. 2023 मध्ये याच गटानं पुढचा प्रयोग केला. आरसा ओळखू लागलेल्या माशांना फोटो दाखवले. अनोळखी माशाच्या फोटोवर ते तुटून पडत, स्वतःच्या फोटोवर नाही. मग चेहऱ्यांची अदलाबदल केली. आपला चेहरा आणि परकं धड असलं तर हल्ला नाही. परका चेहरा आणि आपलं धड असलं तर हल्ला! फोटोवरून रॅस ओळखताना आपण घायकुतीला येतो, आणि हा बोटाएवढा रॅस फोटोत स्वतःचा चेहरा ओळखतो.

परत व्हिडिओकडे. काटे मोजले, नऊ निघाले. आता अंगावरची बारीक रेघ बघा. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी ही पार्श्वरेषा म्हणजे पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या इंद्रियांची रांग. फेअरी रॅसमध्ये ती मध्येच तुटते आणि खालच्या पातळीवर पुन्हा सुरू होते. हॅलिकोरिसमध्ये ती सलग जाते, पण शेपटीच्या अलीकडे एकदम खाली वाकते. आपली वाकलीय? छान. मग रात्रीची साक्ष घ्या. दिवे मालवले की हा कुठे जातो? फेअरी रॅस आणि कित्येक पोपटमासे खडकाच्या कपारीत शिरून स्वतःभोवती चिकट, पारदर्शक पिशवी विणतात आणि तिच्यात झोपतात. हॅलिकोरिस सरळ वाळूत सूर मारतो आणि गायब. नवा आणलेला मासा कधी कधी दोन-तीन दिवस वाळूतून वरच येत नाही. मेला समजून वाळू उपसू नका.

नऊ काटे, सलग पण वाकलेली रेघ, वाळूतली झोप: बहुधा हॅलिकोरिस. सहाशेतून आपण काही डझनांवर आलो, तेही रंगाकडे न बघता. रंग आता कामाला येतो. पण हॅलिकोरिसच्या काही प्रजातींच्या माद्या एकमेकींच्या इतक्या जवळ जातात, की मासा कुठल्या समुद्रात धरला हे कळल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. आणि तेही कळलं नाही तर? तर वाट पाहायची. माद्या सारख्या असल्या तरी नर वेगळे दिसतात, आणि तुमच्या टाकीतली एकटी मादी बऱ्याचदा नर होण्याच्या वाटेवरच असते. ओळख पटवायचं काम अशा वेळी मासाच पूर्ण करून देतो. फारच घाई असेल तर पराचा कणभर तुकडा आणि प्रयोगशाळा. 2003 मध्ये कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी सुचवलेल्या पद्धतीत एका जनुकाची साडेसहाशेच्या आसपास अक्षरं वाचून प्रजाती ताडून बघतात. पर पुन्हा भरून येतो.

आणि हे सगळं करूनही नाव सापडलंच नाही तर?

असं होतं. मालदीवच्या समुद्रात 40 ते 70 मीटर खोल एक फेअरी रॅस राहतो. गुलाबी, जांभळा, लालसर. तेवढ्या खोलीवर लाल प्रकाश पोचतच नाही, त्यामुळे त्याचा हा थाट दिसतो तो वर, पांढऱ्या उजेडात. 1990 च्या दशकात तो संशोधकांना मिळाला. त्याला नाव द्यायची गरज वाटली नाही, कारण 1983 मध्ये रँडल आणि एमरी यांनी नोंदवलेला ‘सिरिलॅब्रस रुब्रिस्क्वामिस’ तो हाच, असं सगळ्यांना वाटलं. पण ती नोंद होती मालदीवच्या दक्षिणेला हजारेक किलोमीटरवरच्या चागोस बेटांतली, आणि तीही एकाच पिल्लावरून! मोठा मासा कसा दिसतो, ते त्या नोंदीत नव्हतंच. पुढे यी-काई टी, मालदीवचे अहमद नजीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हींकडचे मासे ताडून पाहिले. मोठ्या माशांचे रंग वेगळे, खवल्यांची संख्या वेगळी, आणि पाठीवरच्या काट्यांची उंचीही वेगळी. मार्च 2022 मध्ये त्याला स्वतःचं नाव मिळालं, ‘सिरिलॅब्रस फिनिफेन्मा’. मालदीवच्या धिवेही भाषेत ‘फिनिफेन्मा’ म्हणजे गुलाब. आपल्या मिनिकॉय बेटावर हीच भाषा महल या नावानं बोलतात, इतका हा समुद्र आपल्याला जवळचा.

गंमत म्हणजे, या माशाला नाव मिळालं त्याच्या आधीपासूनच तो अ‍ॅक्वेरियमच्या व्यापारात विकला जात होता.

आणि आपल्या पश्चिमेला काय कमी आहे? मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. विजयदुर्गपासून समुद्रात शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, आणि तिथे प्रवाळ वाढतात. अशा खडकांवर रॅस असतातच. ते तिथेच बघावेत. आपल्या समुद्रातले प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, टाकी सजवायला ते काढणं गुन्हा आहे.

तेव्हा टाकीजवळ एक वही ठेवा. मासा कुठल्या समुद्रातला म्हणून सांगितला, किती काटे भरले, रेघ सलग की तुटकी, रात्री कुठे झोपला, कुठल्या महिन्यात कुठला ठिपका गेला, हे तारखेसह लिहीत चला. आणि सध्या पाटीवर ‘हॅलिकोरिस, प्रजाती ठरायची आहे’ एवढंच लिहायला अजिबात कचरू नका. शास्त्रज्ञही असंच लिहितात. मालदीवच्या त्या गुलाबी माशाच्या पाटीवर तीसेक वर्षं नाव होतं, आणि ते दुसऱ्याच माशाचं होतं.